मक्याला डीएपी-युरिया भरपूर घालूनही पानांवर पट्टे येतायत. जिवाणू खत वापरलं तर रासायनिक खत निम्मं करता येईल का?

हातकणंगल्याकडचं काळं रान, उसाचा खोडवा मोडून केलेला मका, दोन पोती डीएपी, वर युरिया, आणि तरी तिसऱ्या आठवड्यात पांढरट पट्टे. एवढी माहिती दिलीत म्हणून नेमकं सांगता येतंय. जिवाणू जरूर वापरा, पण दुकानदार म्हणतो म्हणून खत निम्म्यावर आणू नका.

आधी पट्टे बघा. वरच्या कोवळ्या पानांत, बुडाकडच्या भागात, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरे पट्टे असतील आणि शीर व कडा हिरव्या राहिल्या असतील, तर ती जस्ताची कमतरता. नत्र कमी पडलं की पिवळेपणा खालच्या पानाच्या शेंड्यापासून मधल्या शिरेनं आत शिरतो, पालाश कमी पडलं तर खालच्या पानांच्या कडा करपतात. तुमच्या वर्णनावरून मला जस्तच वाटतं. चुनखडीच्या काळ्या रानात जस्त आधीच अडकलेलं असतं, त्यात डीएपीतलं स्फुरद जादा झालं की पिकाला जस्त आणखी मिळेनासं होतं. म्हणजे डीएपीचं दुसरं पोतं फुकट तर गेलंच, उलट नडलं. आत्ता १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. पुढच्या वेळी पेरणीआधी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपीत मिसळून कधीच नको, दोन्ही एकमेकांना धरून बसतात.

मक्याची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे. एकरात बसवली तर साधारण एक पोतं डीएपी, अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त पोटॅश आणि दोन पोत्यांना जरा कमी युरिया. डीएपी आणि पोटॅश सगळं पेरतानाच, बियाच्या खाली आणि बाजूला दोन-तीन बोटं अंतरावर पडलं पाहिजे. स्फुरद मातीत जागचं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. युरिया मात्र तीन हप्त्यांत: पेरताना १५ किलो, उरलेला निम्मा निम्मा तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. मका गुडघ्याला लागल्यापासून तुरा येईपर्यंत नत्र झपाट्यानं ओढतो. वाफसा असताना द्या आणि लगेच मातीआड करा, भर लावतानाच दिला तर उत्तम. वर फेकलेला युरिया उन्हात हवेत जातो आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात वाहून जातो.

आता जिवाणू. मक्याला रायझोबियम चालत नाही, ते कडधान्याचं. मक्याला ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम, आणि जोडीला स्फुरद विरघळवणारे पीएसबी. हे जिवाणू हवेतलं नत्र धरतात, पण मक्याच्या भुकेपुढं ते थोडंच. त्यांचं खरं काम मुळाशी चालतं. ॲझोस्पिरिलम वाढीची संप्रेरकं सोडतं, त्यानं मुळांना फांद्या आणि केसमुळं जास्त फुटतात. पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतात. म्हणून म्हणतो, जिवाणू हे खताच्या जागी नाही, घातलेलं खत लागू होण्यासाठी वापरायचे.

किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम जिवाणू खताची पावडर, थोड्या गूळपाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायची, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पण बाजारातलं हायब्रीड बियाणं बहुधा आधीच औषध लावून रंगीत आलेलं असतं. त्यावर जिवाणू नीट टिकत नाहीत. तिथं मी बियाण्याच्या नादी न लागता एकरी २ किलो पावडर शंभरेक किलो चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून सरीत देतो. रासायनिक खताच्या घमेल्यात ती कालवू नका. पुडीवरची अंतिम तारीख बघा, आणि दुकानात उन्हाच्या झळीत ठेवलेली पुडी घेऊ नका, त्यात जिवंत काही उरलेलं नसतं.

खोडव्याचा पाला तुम्ही गाडला असेल तर आणखी एक. पाला कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच खातात, आणि कोवळा मका पिवळा पडतो. म्हणून दर टन पाल्याला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू संवर्धक देऊन तो आधी कुजवून घ्या. पाला जाळू नका, हात जोडून सांगतो. जिवाणूंचं अन्नच ते आहे.

राधानगरी-गगनबावड्याकडं तांबड्या आम्लधर्मी रानात मका करणारे कुणी हे वाचत असतील, तर तिथं ॲझोटोबॅक्टर फारसं चालत नाही. ॲझोस्पिरिलम घ्या आणि आधी माती तपासून चुना लागतो का ते बघा.

पुढच्या पेरणीला चार ओळी जिवाणूंविना ठेवा. विसाव्या दिवशी दोन्हीकडची दोन-दोन झाडं खुरप्यानं मातीसकट काढा, हलकी झटका. जिवाणू लागले असतील तर मुळं पांढरी, दाट असतील आणि झटकल्यावरही माती त्यांना चिकटून राहील. फरक दिसला नाही तर पुढच्या वर्षी पुडी बदला, नाहीतर शेणखत वाढवा.