पॅनेल घरी बनवून किती वाचेल?

प्रश्न : मी साताऱ्याजवळ राहतो, एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. घर स्वतःचं, वर स्लॅब. महिन्याला सरासरी २८० युनिट वापरतो, बिल ३,२०० च्या आसपास येतं. सुटे सोलर सेल आणून ३ किलोवॉटची पॅनेलं घरीच बनवायचा विचार आहे. पॅनेलचा माल ५० हजारांत, इन्व्हर्टर आणि १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या चार बॅटऱ्या १ लाख १० हजारांत बसतात. तयार सिस्टीमचं कोटेशन २ किलोवॉटला १ लाख ३५ हजार, ३ किलोवॉटला १ लाख ९५ हजार आहे. पोस्टातली १ लाख ६० हजारांची ठेव मोडू का? दुसरी शिल्लक नाही.

उत्तर : सप्रेम नमस्कार. ठेव मोडू नका, आणि घराच्या विजेसाठी पॅनेलं घरी बनवू नका. तुमच्या हातातल्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण तुमचाच हिशेब पाहा : १ लाख ६० हजारांत पॅनेलवर जेमतेम एक तृतीयांश जातात. बाकी सगळे जातात ते बॅटरी-इन्व्हर्टरवर, कारण प्रमाणपत्र नसलेल्या पॅनेलवर महावितरणचं नेट मीटर, म्हणजे जादा वीज त्यांना देऊन बिलातून वजा करून घेणारं मीटर, मिळत नाही. वीज साठवायची तर बॅटरीतच.

आणि बॅटरीत किती मावते? १५० एएचच्या चार मिळून सुमारे ७ युनिट. त्या टिकवायच्या तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे साडेतीन. तुमचा रोजचा खप नऊ युनिटांचा. घरातली माणसं दिवसा बाहेर असतील तर ३ किलोवॉटची दुपारची बरीचशी वीज छपरावरच वाया जाईल. शिवाय चार-सहा वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील, तो खर्च तुम्ही धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू. छपरावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे. तिच्यात पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. अट अशी की सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले हवेत आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून व्हायला हवं. तुमच्या कोटेशनप्रमाणे २ किलोवॉट अनुदान वजा जाता ७५ हजारांना पडतं, घरी बनवण्याच्या निम्म्याहून कमी.

२ किलोवॉटच का? आपल्याकडे १ किलोवॉट महिन्याला सरासरी ११५ युनिट देतो. दोनाचे २३०. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ पासूनचा जवळपास दुप्पट, त्यामुळे तुमची महागडी १८० युनिटं आधी वाचतात. पावसाळ्यातली घट धरूनही वर्षाला २७ हजारांची बचत मी गृहीत धरतो; तीन वर्षांच्या आत पैसे सुटतात. तिसऱ्या किलोवॉटला अनुदान जाऊन ४२ हजार जास्तीचे लागतात आणि उरलेली स्वस्तातली ५० युनिटंच वाचतात, महिन्याला साडेतीनशे रुपये. ते सुटायला दहा वर्षं लागतील. वर्षभर शिल्लक पडलेली वीज ३१ मार्चला महावितरण घेतं, पण अगदी कमी दराने. लवकरच एसी किंवा ई-स्कूटर घेणार असाल तर मात्र ३ किलोवॉटचा विचार करा.

पैसे कर्जातून उभे करा. योजनेत तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळतं, व्याज रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला) जोडलेलं. १५ हजार पगारातून बाजूला काढा, १ लाख २० हजार कर्ज घ्या. मीटर लागल्यावर अनुदानाचे ६० हजार खात्यात आले की त्याच दिवशी कर्जात भरा आणि हप्ता नव्याने बांधून घ्या. उरलेल्या ६० हजारांना ७ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता १,८५० च्या आसपास येतो. बिलातली बचत त्याहून जास्त. सुरुवातीचे काही महिने हप्ता मोठा असेल, तेवढी तयारी ठेवा. पोस्टातली ठेव आजारपण, नोकरी यांसाठी राहू द्या. घरात तेवढीच शिल्लक आहे, तिला हात लावणं मला बरं वाटत नाही.

घरगुती पॅनेलच्या टिकाऊपणाबद्दलही बोलायला हवं. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. सेल जोडणारी धातूची पट्टी, म्हणजे रिबन, डागतानाच न दिसणारे तडे जातात. कारखान्यात ईव्हीए या पारदर्शक प्लास्टिकचा थर निर्वातात दीडशे अंशांच्या जवळ तापवून काचेला चिकटवतात. घरी सिलिकॉनने सील केलेल्या काचेत दोन-तीन पावसाळ्यांत ओल शिरते, रिबन गंजते. तयार पॅनेलला पंचवीस वर्षांची वीज-उत्पादनाची हमी असते. घरी बनवलेल्या पॅनेलसाठी तुमच्या सुट्ट्या आणि ५० हजार पणाला लावू नयेत. हौस आहे तर ३६ सेलचं एकच पॅनेल करा, १२ व्होल्टची बॅटरी भरेल, अंगणातले दिवे लागतील. पाच हजारांची मर्यादा घाला.

कामाआधी स्लॅबची गळती काढून घ्या, स्ट्रक्चर बसल्यावर ते कठीण जातं. पाण्याच्या टाकीची सावली सकाळ-संध्याकाळ कुठवर पडते ते खडूने आखा. विक्रेत्याला पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर फिरल्यावर. अर्थिंग आणि डीसी वायरिंग स्वतः तपासा. तिथे तुमची नजर उपयोगी पडेल.

आणखी एक सुचवतो. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं सूर्यमित्र नावाचं प्रशिक्षण तुमच्यासारख्या इलेक्ट्रिशियनसाठीच आहे. सध्या छपरांवर बसवणाऱ्या हातांची गरज आहे. रविवारी दुसऱ्याच्या छपरावर केलेल्या कामाची मजुरी येईल, ती या कर्जात टाका.