मुलीसाठी अरबी नाव ठेवताना नेमकं काय बघावं?

मुबारक! सातव्या दिवशी अकीका (बाळाच्या जन्मानिमित्त कुर्बानी आणि नाव ठेवण्याचा विधी) आहे, पत्नीने नेटवरून 'उन्झिला' हे नाव काढलंय, तुमच्या अम्मीला 'खदीजा' हवंय, आणि नाव अरबी असलं की झालं ना, असं तुम्ही विचारलंय.

तेवढ्यावर भागत नाही. मी मक्तबमध्ये मुलांना कुरआन शिकवतो, हजेरी घेताना असली नावं रोज तोंडात येतात. 'उन्झिला' कुरआनात आहे, सूरह बकराच्या चौथ्याच आयतीत सापडेल. पण ते नाव नाही, क्रियापद आहे: 'उतरवलं गेलं'. नेटवरच्या याद्यांत त्याच्यापुढे काहीतरी गोडसा अर्थ ठोकून दिलेला असतो. ठेवलंत म्हणून गुन्हा नाही, पण पोरगी उद्या स्वतः अरबी शिकली तर तुम्हालाच विचारेल.

म्हणून नाव देवनागरीत किंवा इंग्रजीत वाचून पक्कं करू नका, आधी अरबी अक्षरांत लिहून घ्या. 'आसिया'च बघा. अलिफ-मद्द आणि सीनने लिहिली तर ती फिरऔनची (इजिप्तच्या राजाची) बायको, जिने प्रेषित मूसांना वाढवलं. ऐन आणि सादने लिहिली तर अर्थ होतो 'अवज्ञा करणारी', आणि हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींत) येतं की या दुसऱ्या आसियाचं नाव प्रेषितांनी (स.) बदलून जमीला ठेवलं. मराठीत दोन्ही सारख्याच.

आणि अरबीच हवं असाही दंडक नाही. परवीन, शिरीन, फिरोज ही सगळी फारसी. अर्थ चांगला असला की पुरे. 'नाव भारी पडलं म्हणून बाळ आजारी पडतं' हे तर सोडूनच द्या, त्याला दीनमध्ये, म्हणजे धर्मात, काही आधार नाही.

पुढे मुलगा झाला आणि अब्दुर्रहमान ठेवलंत, तर ते जोडूनच लिहा. सुटं लिहिलं की फॉर्म भरणारा 'अब्दुल' पहिलं नाव आणि 'रहमान' वडिलांचं करून टाकतो. नुसत्या 'अब्दुल'ला तसा अर्थही उरत नाही, 'चा बंदा', म्हणजे 'चा सेवक', एवढंच. कोणाचा, ते गायब!

आता कागदाचं. हे जास्त नडतं. दवाखान्यात घाई करतील, पण जन्माची नोंद २१ दिवसांत द्यायची असते, नाव त्यातच हवं असं नाही. नावाशिवाय नोंद झाली तर १२ महिन्यांपर्यंत ते फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला जन्माचा दाखलाच चालतो, म्हणून त्यावरचं स्पेलिंग पुढे सगळीकडे जातं. आपल्याकडे 'झैनब' आणि 'जैनब', 'झुबेर' आणि 'जुबेर' हा घोळ कायमचा. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, मग ॲफिडेव्हिट करत फिरा.

माझं मत विचाराल तर खदीजाच ठेवा. उच्चार सोपा, अर्थावरून वाद नाही, आणि अम्मीही खूश. पत्नीला ते जुनाट वाटत असेल तर सुमैया सुचवून बघा, इस्लामच्या पहिल्या शहीद त्याच. जे ठरेल ते नोंदणीच्या खिडकीवर तोंडी सांगू नका, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं चिठ्ठीवर लिहून द्या आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.