वाचक विचारतात: भुतावर विश्वास नाही, तरी मजा का येते?

प्रश्न : ताई नमस्कार, वय ४४, गाव चिपळूणकडे, नोकरीला पुण्यात. शाळेपासून भयकथा वाचतोय, झोपताना एक तरी लागतेच. बायको म्हणते डोक्यावर परिणाम झालाय. भूतबित मी मानत नाही तरी मजा येते, असं का? आणि हल्ली पूर्वीसारखी टरकत नाही, काही उपाय?

उत्तर : वहिनींना सांगा, परिणाम झालेले तुम्ही एकटेच नाही, मीपण त्यातलीच. आणि मानत नाही म्हणूनच तर मजा येते हो. पिंपळावर मुंजा बसलाय असं ज्याला खरंच वाटतं तो रात्री साडेअकराला मुंजाची गोष्ट कशाला वाचेल, तो रामरक्षा म्हणून गप झोपेल! आपल्याला माहितीय की कडी लावलीय, शेजारी माणूस घोरतंय, छाती धडधडली तरी पुस्तक मिटलं की विषय संपला, त्या भरवशावर घाबरायची चैन परवडते.

पण मला विचाराल तर आपल्या भुतांची खरी गंमत वेगळीच आहे. ती उगीच कुणी राक्षस नसतात, त्यांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंजीआधीच गेलेला पोरगा, अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. अशी बाई गोष्टीत अंगणात येऊन पाळण्याकडे बघत उभी राहिली की घाबरायला होतं आणि पोटात कालवतंही, आणि हे दोन्ही एकदम बाकी कुठल्या गोष्टीत मिळतं सांगा बरं.

आता टरकत नाही त्याचं. तुम्ही मोबाईलवर एकामागून एक चार-पाच वाचत असणार (खरं सांगा). चौथ्या गोष्टीला भूतसुद्धा कंटाळतं. त्यात हल्लीच्या गोष्टींत सगळं दाखवायची घाई, रक्त, नखं, उलटे पाय, सगळं पहिल्या पानावर. इंग्रज लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची इच्छा पुऱ्या करणाऱ्या माकडाच्या पंजाची गोष्ट १९०२ सालची, त्यात पंजाकडे मागून परत बोलावलेला मेलेला मुलगा दिसतच नाही. दारावर थापा पडतायत, आई कडी काढायला धडपडतेय, बाप जमिनीवर पंजा चाचपडतोय, आणि दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता. बस. शंभर वर्षं लोक त्या थापांना घाबरतायत.

तेव्हा उपाय म्हणाल तर रात्री एकच गोष्ट, ती कागदावर, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. नारायण धारपांच्या समर्थकथा झोपताना चालतील, त्यातला भुताखेतांशी लढणारा नायक समर्थ येऊन सांभाळून घेणार हे माहिती असतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मात्र दुपारी वाचा, तिथे असलं कुणी येत नाही, आणि घर अगदी आपल्यासारखंच असतं, तेच डबे, तीच सासू, म्हणून जास्त बेकार वाटतं.

मी स्वतः मागच्या महिन्यात हा नियम मोडला. एक वाजला होता, गोष्टीत म्हातारी स्वयंपाकघरात पाणी मागत होती, आणि नेमका आमचा फ्रिज घर्रर्र करून थांबला. नुसता थांबला हो! सकाळपर्यंत तहान मारून पडून राहिले.