शेवटच्या पानावरची चौदा नावं

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

कडोलीच्या संमेलनात मांडवाच्या मागं गाठून तू बाड माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, ‘सर, तुम्ही नुसतं नाव सुचवा, बाकी सगळं झालंय.’ मला तेव्हाच राग आला होता. बाकी सगळं खरंच झालं असतं तर नाव उरलं नसतं. पण तुला निपाणीची बस गाठायची होती, म्हणून गप्प बसलो. चार रात्री बसून तुझी सगळी पानं वाचली. बिड्या वळणाऱ्या तुझ्या आजीची ही कादंबरी चांगली आहे, ते मी वेगळं लिहीत बसत नाही, तुलाही ते ठाऊक आहे. हे पत्र फक्त शेवटच्या पानाबद्दल आहे.

त्या पानावर तू चौदा नावं लिहिली आहेस. ‘राख’, ‘ठिणगी’, ‘धुरकट’, ‘वेदनेचा धागा’, ‘तळहातावरचा धूर’, ‘निपाणी १९८१’… चौथ्या नावापुढं प्रश्नचिन्ह, नवव्यापुढं फुली आणि खाली बारीक अक्षरात, ‘मार्केटला काय चालेल?’ पोरी, आजीच्या सूपावरच्या बिड्यांचं तू जसं लिहिलंयस तसं लिहिणाऱ्या मुलीनं ही ओळ लिहावी याचं मला वाईट वाटलं. ती खोडून टाक.

चौदाही नावं तू बाहेरून आणलीस. बिडी म्हटलं की धूर, धूर म्हटलं की राख, राख म्हटलं की ठिणगी. तुझी कादंबरी न वाचलेला कुणीही ही यादी करू शकेल. मग ती तुझ्या कादंबरीची नावं कशी? नाव आत असतं. कुणाच्या तरी तोंडून ते पडून गेलेलं असतं आणि लिहिणाऱ्याचंच तिकडं लक्ष नसतं. आत बघ.

माझं सांगतो, म्हणजे हा म्हातारा एवढा का चिडतोय ते कळेल.

माझी पहिली कादंबरी मी ‘तरवा’ म्हणून लिहिली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अजून भाताचा तरवा टाकतात. रोप वीतभर झालं की बायका पावसात इरली घेऊन उकिडव्या बसतात, वाफ्यातून ते उपटतात, मुळं पाण्यात खळबळतात, पायावर आपटून उरलेला चिखल झाडतात आणि मूठ बांधून पुढच्या खाचरात फेकतात. आईचा हात या कामात इतका बसलेला होता की बोलता बोलता मुठीमागून मुठी पडत. ज्या वाफ्यात तरवा उगवतो तिथंच राहिला तर त्याचं भात होत नाही. कादंबरीत तीन पिढ्यांच्या बायका होत्या. चंदगडाकडून खानापुरात, खानापुरातून धारवाडकडं दिलेल्या. मराठी घरातून निघून कानडी गल्लीत रुजलेल्या. नाव पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. कुणाला नाव आधी सापडतं, कुणाला शेवटी, त्यात काही मोठं नाही.

पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं. ‘तरवा’ आमच्या वाचकाला कळणार नाही, लेखक बेळगाव भागातले आहेत तेव्हा नावात ‘सीमा’ असावी, आम्ही ‘सीमेवरचे निखारे’ सुचवतो. पहिलं पुस्तक, वय बत्तीस. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं, ‘आपण म्हणाल तसे.’ तीन शब्द. ते पोस्टकार्ड परत घेता आलं असतं तर मी आजही पोस्टात जाऊन उभा राहिलो असतो.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर काटेरी तार. आईला वाचता येत नव्हतं, पण हस्तलिखित मी तिला पडवीत बसून पूर्ण वाचून दाखवलं होतं. तिनं पुस्तक हातात घेतलं, तारेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हे कुणाचं रे? आपलं तरव्याचं कधी येणार?’

त्यानंतर जे झालं ते त्या नावानंच केलं. ज्यांना आंदोलनाची कादंबरी हवी होती त्यांनी ती घेतली आणि चाळीस पानं झाली तरी मोर्चा निघेना म्हणून ठेवून दिली. ज्यांना त्या तीन बायका हव्या होत्या त्यांनी ती उघडलीच नाही. वाचक पुस्तकात शिरताना कुठं उभा राहणार, हे नाव ठरवतं. चुकीच्या दारात उभं केलेल्या पाहुण्याला घर दिसत नाही.

म्हणून तुझ्या ‘निपाणी १९८१’वर मी लाल रेघ मारली आहे. तंबाखू शेतकऱ्यांचं ते आंदोलन, शरद जोशी, अडवलेला पुणे-बंगळूर रस्ता, एप्रिलमधला गोळीबार, हे सगळं तुझ्या एकाच प्रकरणात आहे आणि तेही आजीच्या कानावर पडलेलं, भिंतीपलीकडचं. ते तसंच राहू दे, फार चांगलं उतरलंय. पण नावात तारीख घातलीस तर वाचक दीडशे पानं गोळीबाराची वाट बघत बसेल आणि आजी नुसती मध्ये आल्यासारखी वाटेल. गावाचं नाव तेव्हा शोभतं, जेव्हा गाव हेच पात्र असतं. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ बघ. तुझं पात्र निपाणी नव्हे, तुझी आजी.

‘बाहेरच्या वाचकाला कळणार नाही’ हे तुलाही कुणीतरी ऐकवलेलं दिसतं, कारण चौदांत निपाणीच्या बोलीतला एकही शब्द नाही. शंकर पाटलांनी १९६४ साली ‘टारफुला’ हे नाव ठेवलं. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस शोषणारं ते तण. किती पुणेकरांनी ते पाहिलं होतं? कादंबरीतला गावचा पाटील मेल्यावर गावात सत्तेसाठी जे माजतं ते वाचता वाचता शब्द आपोआप कळतो. तुझ्या शेजारच्या कागलच्या आनंद यादवांनी शिक्षणासाठी बापाशी आणि गरिबीशी केलेल्या झटापटीला ‘झोंबी’ म्हटलं. ‘संघर्ष’ म्हणाले असते तर? हिमालयातल्या रस्त्याच्या कामावरची प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ तर आपल्याकडच्या घराघरात वाचली गेली, ढांग म्हणजे काय ते आधी कुणाला ठाऊक होतं? वाचक शब्द शिकतो. शिकायला त्याला आवडतं. आपणच त्याला कमी लेखतो.

आणि पलीकडं कानडीत बघ, तुला तर वाचता येतं. विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’, २०१३ची. हा शब्द कानडीच्या कुठल्या कोशात नव्हता. कादंबरीतल्या एका घरातल्या भावाबहिणींनी लहानपणी बनवलेला, गुंता झाला की म्हणायचा शब्द. घरातला शब्द उचलून दारावर लावला आणि तो जगभर गेला. मी सांगतो ते हेच. आत बघ.

पूर्वी नावाला वेगळी कामं होती, हेही मान्य. आपल्या बेळगावातच जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिली, तिच्या नावाला पुढं ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ अशी शेपटी आहे. तेव्हा कादंबरी हीच वस्तू मराठीत नवी होती, आत काय आहे ते दारातच सांगणं भाग होतं. आता ते काम मलपृष्ठ करतं. नावानं विषय सांगायची गरज उरली नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ बोटीवर घडते. लढाईचा एक प्रसंग नाही, युद्ध अजून यायचं आहे, तरी दुसरं कुठलं नाव तिला लावून बघ. नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये पाढाच चुकलेला आहे, आणि त्या एका चुकीत आतल्या माणसाचं सगळं न जुळणारं आयुष्य आलं. नेमाड्यांचं ‘कोसला’ म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. नायक पांडुरंग सांगवीकर त्यात बसलेला आहे, हे पुस्तक मिटल्यावर जास्त कळतं. चांगलं नाव दोनदा वाचलं जातं, एकदा आत शिरताना आणि एकदा बाहेर पडताना. तुझं ‘राख’ दुसऱ्यांदा वाचून बघ. काही वाढतं का?

तू म्हणशील, सर, रणजित देसाईंनी ‘श्रीमान योगी’ रामदासांच्या ओळीवरून घेतलं, ते बाहेरूनच की. नाही. ज्या माणसावर कादंबरी आहे त्याला उद्देशून, त्याच्याच काळात म्हटली गेलेली ती ओळ आहे. कोवाडला बसून त्यांनी ती हवेतून काढली नाही. आणि जोसेफ हेलरचं उदाहरण देऊ नकोस, मला तेही ठाऊक आहे. त्याचं नाव ‘कॅच-१८’ होतं, त्याच सुमारास दुसऱ्या एका लेखकाची १८ आकड्याची कादंबरी येत होती म्हणून १९६१ साली ते ‘कॅच-२२’ झालं. पण बदलला तो आकडा. ‘कॅच’, म्हणजे तो पेच, पुस्तकाच्या पोटातला आहे, त्याला कुणी हात लावला नाही. माझ्या ‘तरव्या’ला मात्र मुळासकट उपटलं, आणि उपटू दिलं मी.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मी ऐकलं नाही. तीन वर्षं तीन प्रकाशकांनी नाव बदला म्हणून सांगितलं, मी ‘वळचण’ बदललं नाही. शेवटी शहापूरच्या एका छापखान्यात स्वतःच्या पैशानं पाचशे प्रती काढल्या. बायकोच्या पाटल्या गेल्या त्यात. ती आजही कधी म्हणते, ‘एका शब्दासाठी सोनं घातलंत.’ दीडशेवर प्रती अजून ट्रंकेत आहेत. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत. पण ज्यांनी ते पुस्तक वाचलं त्यांच्यापैकी एकानंही मला ‘हे नाव का?’ असं विचारलेलं नाही, आणि पहिल्या पुस्तकाबद्दल हा प्रश्न मला पंचवीस वर्षं विचारला जातोय. मी पुन्हा तेच करीन. पाटल्यांचं मला वाईट वाटतं, नावाचं नाही.

तुला सोनं मोडायला सांगत नाही. भांडायची वेळ आलीच तर ज्याच्यासाठी भांडायचं ते नाव आधी तुझ्याकडं असू दे, एवढंच सांगतोय. ‘राख’साठी तू कुणाशी भांडशील? आपण सीमाभागातली माणसं नावाच्या बाबतीत काय सोसतो ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. २०१४ साली १ नोव्हेंबरला कागदोपत्री गावाचं नाव बदललं, तरी बसमध्ये शेजारची म्हातारी ‘बेळगावास जाऊलो’ असंच म्हणते. घरातलं नाव घरातच टिकतं. पुस्तकाचंही तसंच आहे.

नाव आधी कुणी वापरलंय का, ही तुझी दुसरी काळजी. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली एका सिनेमाच्या वादात सांगितलंय. तरी गाजलेल्या पुस्तकाचं नाव घेऊ नये, आपलंच पोर दुसऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. पुढं चल.

आता बाड उघड. पान १७. आजी हजार बिड्या वळून, कट्टे बांधून कारखान्यात नेते. तपासणारा सूपात हात घालून मूठभर बाजूला टाकतो. छाट. तिचे पैसे नाहीत, आणि ती बिडी परतही मिळत नाही. पान ८८. तुझ्या आत्याला पाहायला आलेले पाहुणे न जेवता उठून जातात आणि आजी चुलीपुढं बसून पुटपुटते, ‘छाटात काढलं गं पोरीला.’ पान १४३. डोळ्यांना दिसेनासं झालंय, बोटं वळत नाहीत, सुनेनं सूप माळ्यावर टाकलंय. आजी तुला म्हणते, ‘आता मीच छाटातली.’

तीन ठिकाणी, तीन अर्थांनी, आणि तिसऱ्या ठिकाणी माझ्या हातातून पान सुटलं. हे तू लिहिलंस आणि मग शेवटच्या पानावर जाऊन ‘वेदनेचा धागा’ लिहिलंस! कशासाठी? लोकांना वेदना कळणार नाही म्हणून? मूठभर बिड्या फुकट जाताना आजी काय करते, तर कट्ट्याचा सुटलेला दोरा उचलून पदराला बांधते, तेवढा तरी वाया जाऊ नये म्हणून. ते वाचून ज्याला कळणार नाही त्याला ‘वेदना’ हा शब्द छापूनही कळायचं नाही.

‘छाट’. दोन अक्षरांचं नाव. दुकानात जाऊन मोठ्यानं मागून बघ, ‘एक “छाट” द्या.’ मी आमच्या परसात उभं राहून म्हणून बघितलं. तोंडात बसतं. हे मी सुचवलेलं नाही हे ध्यानात ठेव, मी फक्त पेन्सिलनं खूण केली आहे. उद्या प्रकाशक म्हणेल, कळणार नाही, ‘धूर’ ठेवू. त्या दिवशी पोस्टकार्ड टाकायची घाई करू नकोस. एक रात्र थांब आणि सकाळी मला फोन कर.

एक काम राहिलंय. पान १७वर तू ‘छाट काढली’ लिहिलंयस आणि पुढं एका ठिकाणी ‘छाट काढला’. नावाचा शब्द आतमध्ये असा दोन तऱ्हांनी चालणार नाही. आजी नेमकं काय म्हणते? तिला थेट विचारू नकोस, विचारलंस की ती तुझ्यासाठी शाळेतलं बोलायला लागेल. दुपारी शेजारच्या बायका आल्या की जवळ बसून ऐक, आणि मला कळव.

तुझा,
सर