शेवटचा कधी उठला?

प्रश्न : काकू, मुलगा साडेसात महिन्यांचा आहे. २६ आठवड्यांची रजा संपली आणि मी मिरजेला ऑफिसात रुजू झाले. बाळ दिवसभर विश्रामबागच्या पाळणाघरात. तिथं ४०-४० मिनिटांच्या दोनच डुलक्या होतात. पावणेसहाला रिक्षात बसलो की गावभागात घर येईपर्यंत तो गाढ, ते थेट सव्वासातपर्यंत. मग रात्री अकराशिवाय डोळा नाही, आणि सकाळी साडेसहाला उठवावं लागतं. सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेला झोपवू नये. पाळणाघरातही घरासारखी झोळी बांधायला सांगू का?

उत्तर : झोळीचं नंतर. आधी हिशेब मांड. रात्रीचे साडेसात तास, डुलक्यांचे एक तास वीस मिनिटं, संध्याकाळचा सव्वा तास. झाले दहा. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे लेकरू रोज दोन तास उधारीवर जगतंय.

चोर दुपारची डुलकी नव्हे, संध्याकाळची. जेवायच्या आधी बचकभर भडंग खाल्लं की पानावर भूक राहते का? तसंच आहे हे.

रिक्षात झोपला तर झोपू दे, तिथं त्याला जागं ठेवायचा आटापिटा नको. पण घरी आल्यावर वीसेक मिनिटांत उठव. रडेल, रडू दे थोडं. दिवेलागणीला तो जागा असला म्हणजे सासूबाईंचाही शब्द राहिला (त्या कारण काही देवोत, इथं त्यांचं बरोबर आहे!). मग अंग पुसणं, दूध, आजीच्या मांडीवर शुभंकरोती, आणि साडेआठला अंधार. वडील कुपवाडच्या एमआयडीसीतून नऊला येऊन त्याला गुदगुल्या करत असतील, तर त्यांना सकाळचा साडेसहाचा तास देऊन टाक.

पाळणाघराच्या दाराशी ‘किती झोपला?’ विचारू नकोस. मी वीस वर्षं पाळणाघर चालवलंय. त्या प्रश्नाला आम्ही ‘छान झोपला’ असंच सांगायचो. ‘शेवटचा कधी उठला?’ असं विचार. या वयात अडीच-तीन तास जागलं की बाळ पेंगतं. तीनला उठला असेल तर रिक्षात झोपणारच. साडेचारला ताईंनी पंधरा मिनिटं आडवा केला, तर तुझी अर्धी लढाई तिथंच संपते.

आता झोळी. दहा पोरं आणि दोन बायका, कोण कुणाला झोका देणार? शिवाय झोळीत पाठीला बाक येतो, हनुवटी छातीवर टेकली की श्वासाला अडचण होते. तेव्हा पाळणाघराला घराची सवय लावू नकोस, घराला पाळणाघराची लाव. सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली झोप सपाट सतरंजीवर, पाठीवर, उशीशिवाय. सकाळचीच, कारण तेव्हा बाळ लवकर ऐकतं. थापटताना तू जे गुणगुणतेस ते ताईंनाही एकदा ऐकव. आमच्याकडच्या एका आईनं मला ‘भाजी घ्या भाजी’च्या चालीवरचं शिकवलं होतं. तिचं पोरगं दुसऱ्या कशालाच दाद देत नसे.

पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. झोळी मात्र आठवडाभर माळ्यावरच ठेव, नाहीतर रात्री दहाला तुझाच हात तिच्याकडे जाईल.