ड्राफ्टमध्ये नाव नसलेला क्वार्टरबॅक : कर्ट वॉर्नरची मधली पाच वर्षे

आपण विचारले आहे की, अमेरिकेत शिकणारा आपला भाचा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचे नाव येण्याची आशा जवळजवळ नाही आणि घरातले सगळे त्याला कर्ट वॉर्नरचे उदाहरण देत आहेत. तर किराणा दुकानात माल लावणारा माणूस खरोखरच विजेत्या संघाचा नायक झाला का, आणि तो रस्ता आजही उघडा आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र जरा वेळ लागेल, कारण वॉर्नरची गोष्ट सांगताना लोक दुकानातून थेट सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर उडी मारतात आणि मधली पाच वर्षे गाळतात. आपल्या भाच्याच्या उपयोगाचे जे काही आहे, ते सगळे त्या पाच वर्षांतच आहे.

आधी दार किती अरुंद आहे ते पाहू. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि त्यांत सर्व संघ मिळून साधारण अडीचशे खेळाडू निवडतात. ज्यांचे नाव पुकारले गेले नाही, त्यांच्याशी संघ त्याच संध्याकाळपासून फोनवर बोलून थेट करार करू शकतात. अशा मुलांना घेऊन उन्हाळ्यातल्या शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० जण जमतात, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांतले फक्त ५३ जण पक्क्या यादीत, म्हणजे रोस्टरवर, राहतात. आणखी सुमारे १६ जणांना प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये ठेवता येते. ते रोज सराव करतात, पगार घेतात, पण वर बोलावणे आल्याशिवाय सामना खेळत नाहीत. बचावफळीतला एखादा अनाम मुलगा किकच्या वेळी धावत जाऊन चार चांगले टॅकल करतो आणि प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरतो. क्वार्टरबॅकला ती सोय नाही. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो, आणि पहिला धडधाकट असेल तर दुसरा हंगामभर बाकावर बसतो, मग तिसऱ्याची काय कथा.

वॉर्नर आयोवा राज्यातला. सीडर रॅपिड्सच्या शाळेतून तो १९८९ मध्ये बाहेर पडला तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारले नाही, म्हणून तो दुय्यम विभागात खेळणाऱ्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात गेला. तिथेही तो चार वर्षे मागेच राहिला आणि थेट पाचव्या वर्षी, १९९३ च्या हंगामात, पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक झाला. त्या एका हंगामात तो आपल्या कॉन्फरन्समधला, म्हणजे विद्यापीठांच्या गटातला, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, पण १९९४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीही घेतले नाही. ग्रीन बे पॅकर्सने त्याला शिबिरात बोलावले खरे. पण तिथे त्याच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघे उभे होते. फार्व्हने पुढे लागोपाठ तीन वर्षे लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला, आणि उरलेले दोघेही दुसऱ्या संघांत जाऊन पहिल्या क्रमांकाचे क्वार्टरबॅक झाले. इतक्या भरलेल्या खोलीत चौथ्या माणसाला सरावातही चेंडू हाती मिळणे दुर्मीळ असते. एकदा संधी आली तेव्हा वॉर्नरने ‘माझी अजून तयारी नाही’ असे सांगितले, हे त्याने स्वतःच पुढे कबूल केले आहे. हंगाम सुरू होण्याआधीच त्याला घरी पाठवण्यात आले.

मग आला तो प्रसिद्ध भाग. सीडर फॉल्समध्ये हाय-व्ही नावाचे मोठे किराणा दुकान होते, तिथे ताशी साडेपाच डॉलरवर तो रात्रपाळीत मांडण्या भरायचा. आठवड्याचे ४० तास भरले तरी हातात २२० डॉलर, आणि त्यातून कर वजा. मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका दुकानात काही महिने हे काम केले आहे, म्हणून सांगतो : खोक्याची पट्टी कापायची, मागचे डबे पुढे ओढायचे, नवे डबे मागे सरकवायचे, प्रत्येकाचे लेबल गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभे राहील असे वळवायचे, आणि एक ओळ संपली की पुढच्या ओळीकडे गाडी ढकलायची. पहाटेपर्यंत खांदे आणि कंबर भरून येतात. त्याच खांद्याने दिवसा चेंडू फेकायचा असेल तर झोप कुठून आणायची, हा साधा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. वॉर्नर दिवसा आपल्या जुन्या विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षक म्हणून मदत करायचा, आणि त्या निमित्ताने मैदान, चेंडू आणि झेल घेणारी माणसे हाताशी राहायची. ब्रेंडा, जी पुढे त्याची पत्नी झाली, मरीन दलातून बाहेर पडून परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिला दोन मुले होती, त्यांतल्या थोरल्याला लहानपणच्या अपघाताने नीट दिसत नव्हते. या सगळ्यांचा संसार तिच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात चालला होता. तेच आईवडील १९९६ च्या एप्रिलमध्ये आर्कान्सा राज्यातल्या चक्रीवादळात गेले. दुकानातल्या डब्यांपेक्षा हे ओझे कितीतरी जड होते.

आता सर्वांत महत्त्वाच्या वळणावर येतो. १९९५ मध्ये डे मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्स या अरीना फुटबॉल संघाने त्याला बोलावले. अरीना फुटबॉल म्हणजे छताखालचा खेळ : मैदान ५० यार्ड लांब, बाजूला गाद्या लावलेल्या भिंती, दोन्ही टोकांना जाळ्या आणि प्रत्येक संघाचे आठ खेळाडू. एनएफएलकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला ही पायरी उतरल्यासारखी वाटते. माझे मत नेमके उलट आहे. त्या अरुंद जागेत बचावपटू क्षणार्धात अंगावर येतात, मोकळी फट पापणी लवायच्या आत मिटते, आणि म्हणून क्वार्टरबॅकला झेल घेणाऱ्याची वाट न पाहता, तो जिथे पोहोचणार आहे त्या जागेकडे चेंडू आधीच सोडावा लागतो. वॉर्नरने पहिल्या हंगामात ४३ टचडाऊन पास (ज्यांच्या झेलावर संघाला गुण मिळतात अशा फेकी) फेकले आणि तिसऱ्या हंगामात, १९९७ मध्ये, ७९. संघ दोन वर्षे लागोपाठ अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. पॅकर्सच्या शिबिरात ज्याची तयारी नव्हती, त्याची तयारी इथे झाली, आठवड्यामागून आठवडा, खऱ्या सामन्यांत, खऱ्या प्रेक्षकांसमोर.

नशिबाचे फटके या काळातही बसत होते. १९९७ मध्ये शिकागो बेअर्सने त्याला चाचणीसाठी बोलावण्याची तयारी दाखवली, आणि मधुचंद्राच्या प्रवासात फेकीच्या हाताच्या कोपराला कोळी चावून हात सुजला, म्हणून ती चाचणी हुकली. पुढे ॲम्स्टरडॅम ॲडमिरल्स या, एनएफएल युरोप नावाच्या युरोपातल्या लीगमधल्या, संघाचे प्रशिक्षक अल लुगिनबिल यांनी त्याच्यासाठी एनएफएलच्या अनेक संघांना फोन लावले, कारण आधी एनएफएलच्या एखाद्या संघाशी करार झाल्याशिवाय वॉर्नरला युरोपला जायचे नव्हते. बहुतेकांनी नकार दिला. सेंट लुईस रॅम्सने होकार दिला. १९९८ च्या वसंतात ॲम्स्टरडॅमला खेळून त्याने त्या लीगमध्ये पासवर मिळवलेले सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाऊन पास नोंदवले, आणि परत येऊन रॅम्सच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर बसला. आपल्या भाच्याचाच क्रमांक. त्या संपूर्ण वर्षात तो एकाच सामन्यात उतरला : ११ पास, त्यांतले ४ पूर्ण, ३९ यार्ड. क्लीव्हलँड ब्राऊन्सचा संघ १९९९ मध्ये नव्याने उभा राहत होता, तेव्हा ‘हवे असतील तर यांतले घ्या’ म्हणून रॅम्सने जी नावे मोकळी सोडली त्यांत वॉर्नरचेही नाव होते. ब्राऊन्सने त्याला घेतले नाही.

रॅम्सने त्या वर्षी आपला भरवसा ठेवला होता तो ट्रेंट ग्रीनवर. ग्रीनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण तोही डावलला गेलेलाच खेळाडू होता. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत, जी फेरी आता अस्तित्वातही नाही, त्याची निवड झाली होती. त्याला संघातून काढले गेले, कॅनडातही त्याचा टिकाव लागला नाही, आणि वॉशिंग्टनकडे वर्षानुवर्षे बाकावर बसल्यावर १९९८ मध्ये कुठे त्याला खेळायला मिळाले. सेंट लुईस हे त्याचे स्वतःचे गाव. २८ ऑगस्ट १९९९ रोजी, हंगामापूर्वीच्या, ज्याच्या निकालाला काही किंमत नाही अशा सामन्यात प्रतिस्पर्धी संघाच्या रॉडनी हॅरिसनचा धक्का त्याच्या डाव्या गुडघ्यावर बसला आणि अस्थिबंध फाटून त्याचे पूर्ण वर्ष गेले. मी तेव्हा नोकरीसाठी सेंट लुईसमध्ये राहत होतो आणि हा सामना घरी टीव्हीवर पाहत होतो. ग्रीनला मैदानाबाहेर नेले तेव्हा आमच्या खोलीत कोणीच काही बोलले नाही. पुढे पत्रकारांसमोर प्रशिक्षक डिक व्हर्मील यांचे डोळे भरून आले, पण आम्ही वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगले फुटबॉल खेळू, असे त्यांनी ठामपणे सांगितले. गावात बहुतेकांना वॉर्नर कोण हे ठाऊक नव्हते.

पहिला सामना १२ सप्टेंबरला बाल्टिमोरविरुद्ध झाला. संघ आदल्या वर्षी १६ पैकी १२ सामने हरलेला, त्यामुळे तिकिटे सहज मिळत होती, आणि कार्यालयातल्या एका सहकाऱ्याबरोबर मी अगदी वरच्या मजल्यावर बसलो होतो. इतक्या उंचीवरून चेहरे दिसत नाहीत, पण चेंडूचा मार्ग पूर्ण दिसतो. रॅम्सचा झेल घेणारा आयझॅक ब्रूस सरळ पळत होता, बचावपटूकडे पाठ करून वळायचा होता, आणि तो वळण्याच्या आधीच चेंडू हवेत होता. ब्रूस वळला तेव्हा चेंडू त्याच्या छातीसमोर पोहोचलेला. मला त्या क्षणी हा खेळ नवा होता, म्हणून मला ते जादूसारखे वाटले; अरीना फुटबॉल पाहिल्यावर पुढे कळले की ती तीन वर्षांच्या अरुंद मैदानाची सवय होती. रॅम्स २७-१० असे जिंकले, वॉर्नरचे ३०९ यार्ड आणि ३ टचडाऊन. ज्या सॅन फ्रान्सिस्कोकडून रॅम्स लागोपाठ १७ सामने हरले होते, त्याच्याविरुद्ध ऑक्टोबरात त्याने ५ टचडाऊन पास फेकले. हंगामाअखेर ४,३५३ यार्ड, ४१ टचडाऊन, संघाचे १३ विजय आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान. ३० जानेवारी २००० रोजी अटलांटाच्या सुपर बोलमध्ये टेनेसीने १६-१६ अशी बरोबरी साधल्यावर पुढच्याच डावपेचात, हात ओढला जात असताना, त्याने ब्रूसकडे जो चेंडू सोडला त्याचा ७३ यार्डांचा टचडाऊन झाला. टेनेसीचा शेवटचा खेळाडू एक यार्ड अलीकडे अडवला गेला आणि रॅम्स २३-१६ असे जिंकले. वॉर्नर तेव्हा २८ वर्षांचा होता.

इथे ग्रीनचा गुडघा हा निव्वळ योगायोग होता, हे मी मान्य करतो. तो गुडघा शाबूत राहिला असता तर वॉर्नर कदाचित आणखी एक वर्ष बाकावर बसला असता, कदाचित कायमचा. पण तो योगायोग १९९४ मध्ये ग्रीन बेमध्ये घडला असता तर त्याचा वॉर्नरला काडीचाही उपयोग झाला नसता. म्हणून घरच्यांनी ‘चिकाटी ठेव’ एवढेच सांगू नये. चिकाटीने वाट पाहणे आणि चिकाटीने खेळत राहणे यांत फरक आहे, आणि वॉर्नरने दुसरे केले. नंतर दुखापती आणि हातून निसटणारे चेंडू यांमुळे रॅम्सनेच त्याला सोडले, न्यूयॉर्कमध्ये नवख्या ईलाय मॅनिंगसाठी त्याला बसवले, ॲरिझोनातही तरुण मॅट लायनार्टच्या मागे उभे केले; तरीही ३७ व्या वर्षी तो ॲरिझोनाला सुपर बोलमध्ये घेऊन गेला. २०१७ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, समावेश झाला.

आता आपल्या भाच्याविषयी. वॉर्नर ज्या पायऱ्यांनी चढला त्या तशाच उरलेल्या नाहीत : एनएफएल युरोप २००७ मध्ये बंद पडली आणि जुनी अरीना लीगही राहिली नाही. त्यांच्या जागी कॅनडाची लीग आहे, आणि २०२४ पासून वसंतात खेळली जाणारी यूएफएल आहे. दुसरीकडे, वॉर्नरला जी सोय नव्हती ती आज आहे. कॉलेजचा खेळाडू आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालून, एक हंगाम वाया न घालवता, दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळू शकतो. वॉर्नरसारखी चार वर्षे बाकावर काढणे मी आज कोणाला सुचवणार नाही. नाव लहान असलेल्या विद्यापीठात पहिल्या क्रमांकावर खेळलेले बारा सामने, मोठ्या विद्यापीठाच्या बाकावरच्या तीन वर्षांपेक्षा निवड करणाऱ्यांना जास्त काही दाखवतात, कारण त्यांना पाहायला चित्रफीत लागते आणि बाकाची चित्रफीत नसते.

आणि समजा ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी नाव आले नाही, पण संध्याकाळी दोन-तीन संघांचे फोन आले, तर सर्वांत नामवंत संघाला घाईने होकार देऊ नये. त्या संघाकडे आधीच किती क्वार्टरबॅक आहेत, त्यांची वये काय, कोणाचा करार संपत आला आहे आणि शिबिरात सरावाच्या किती फेकी वाट्याला येतील, हे त्याने फोनवरच विचारावे. तेवीस वर्षांच्या वॉर्नरच्या हातात फार पर्याय नव्हते आणि तो फार्व्हच्या मागे जाऊन उभा राहिला. आपल्या भाच्याला निवडता आले तर त्याने रिकामी जागा निवडावी.