‘जाऊन राह्यलो’ अन् इंग्रजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, सेमीत. मराठी धडाधड वाचते, पण इंग्रजीचा धडा आला की ओळीओळीला अडखळते. इंग्रजी ही जगातली सर्वांत कठीण भाषा आहे म्हणतात, ते खरं का?
– एक पालक, ता. दर्यापूर

उत्तर: नाही. भाषा किती जड जाते, ते आपण कुठून निघालो यावर ठरतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या हिशेबाने इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती स्पॅनिश यायला 30 च्या आसपास आठवडे लागतात, हिंदीला 44 आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबीला 88. मराठी हिंदीची बहीणच, म्हणजे आपल्यात अन् इंग्रजीत अंतर मधलं आहे. हे आकडे उलट दिशेने जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण अंदाज येतो.

व्याकरणाच्या बाबतीत तर इंग्रजी आपल्यापेक्षा हलकी आहे. नांगर तो, तिफण ती, शेत ते. हे परक्या माणसाला एकेक करून पाठ करावं लागतं. वर ‘विहीर’चं ‘विहिरीत’, ‘पाणी’चं ‘पाण्यात’ अशी रूपं बदलतात ती वेगळीच. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही आणि शब्दाचं रूप असं बदलत नाही. जर्मनला तीन लिंगं अन् चार विभक्ती, रशियनला सहा विभक्ती. त्या मानाने इंग्रजीवाला सुखी.

मुलगी अडखळते ती स्पेलिंगवर. अक्षरं 26, आवाज साधारण 44. त्यातही स्वरांचे आवाज 20 च्या घरात अन् ते दाखवायला अक्षरं पाच. देवनागरीत ‘क’ दिसला की ‘क’च म्हणायचं, ही सवय इथे दगा देते. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं बघा: आधी टी-एच लागलं तर ‘दो’, मध्ये आर आला की ‘थ्रू’, आधी नुसता टी लावला तर ‘टफ’, सी लावला तर ‘कॉफ’. कारण इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं आणि त्याच काळात अन् पुढे लोकांचे उच्चार बदलत राहिले. ‘नाइफ’मधला के, ‘नाइट’मधला जी-एच पूर्वी खरोखर उच्चारत असत. आवाज गेले, अक्षरं राहिली. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी तर उच्चारात कधी नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून पंडितांनी मागाहून घुसवला.

घरी करता येईल असं: शब्द एकेकटे पाठ करून घेऊ नका, कुळाने घ्या. ‘हॅट’च्या शेवटी ई लावली की ‘हेट’, ‘पिन’चं ‘पाइन’, ‘हॉप’चं ‘होप’, ‘कट’चं ‘क्यूट’. एका दिवशी एक कूळ, आठ-दहा शब्द, आधी ऐकायचे, मग म्हणायचे, मग लिहायचे. ‘हॅव’ अन् ‘गिव्ह’ या नियमात बसत नाहीत. इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाही, म्हणून तिथली ई नुसती टेकू लावल्यासारखी उभी असते.

आणि पुस्तकातल्या इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिले असतील तर आजच खोडून टाका. पोरगी वरची ओळ वाचते, खालची नाही. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

प्रश्न: बारा टेन्स पाठ आहेत, पण मुलाखतीत तोंड उघडलं की चुका होतात. आमची वऱ्हाडी आडवी येते काय?
– स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, ता. चिखली

उत्तर: एका बाबतीत तर ती मदतीला येते. प्रमाण मराठीत ‘मी शेतात जातो’ याचे दोन अर्थ निघतात: रोज जातो, किंवा हा निघालोच. वऱ्हाडीत ‘जातो’ वेगळं अन् ‘जाऊन राह्यलो’ वेगळं. इंग्रजीला नेमका हाच फरक हवा असतो: ‘आय गो’ अन् ‘आय ॲम गोइंग’. ‘राह्यलो’ तोंडात आलं तर आयएनजी लावायचं. फसतं कुठे? ‘मले समजून राह्यलं’ आपण सहज म्हणतो, पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ बहुतेक ठिकाणी चुकीचं. माहीत असणं, समजणं, हवं असणं, जवळ असणं, अशा क्रियापदांना आयएनजी सहसा चालत नाही.

बाकीच्या चुका वऱ्हाडीच्या नाहीत, पुण्याचा माणूसही त्याच करतो. ‘ही डिड नॉट वेंट’ घ्या. मराठीत ‘गेला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेला’वरच राहतो. इंग्रजीत तो ‘डिड’वर जातो अन् क्रियापद कोरं होतं: ‘ही डिड नॉट गो’. भूतकाळ एकदाच लावायचा, एवढं ध्यानात ठेवा. दुसरी चूक ‘पासून’ची. ‘पाच वर्षांपासून’ अन् ‘2019 पासून’ दोन्हीकडे आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कुठल्या क्षणापासून ते सांगायला ‘सिन्स’. त्यात ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ हा आपला वर्तमानकाळ त्यांच्याकडे ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ होतो. हे वाक्य कारणासकट समजून घ्या, मग ते तुटत नाही.

उच्चारात दोन गोष्टी आधी सुधारा. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना दात दूर अन् ओठ गोल. आपल्याकडे दोघांनाही एकच ‘व’, म्हणून आरसा हवा. दुसरं, तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. इंग्रज ‘पिन’ म्हणतो तेव्हा पट्टी हलते, ‘स्पिन’ म्हणताना जवळजवळ हलत नाही. आपला कोरडा ‘प’ त्याला कधी कधी ‘बिन’सारखा ऐकू येतो. पार ‘फिन’पर्यंत जाऊ नका, श्वास थोडा सोडा.

प्रश्न: आमच्याकडे बाजारात तेलुगू चालते. मुलाने आधी तेलुगू शिकावी की इंग्रजी? सोपी कोणती?
– ता. सिरोंचा

उत्तर: सोपी तेलुगू, त्यात शंका नाही. कुळाने ती द्राविडी, तुमच्याकडच्या गोंडी-माडियाच्या गोतातली, आणि मराठी आर्य कुळातली. पण शेकडो वर्षांच्या शेजारामुळे घडण जुळली आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. आपलं ‘आम्ही’ अन् ‘आपण’ तिकडे ‘मेमु’ अन् ‘मनमु’. इंग्रजीत दोघांना मिळून एकच ‘वी’. ‘येतो म्हणून म्हणाला’ यातल्या ‘म्हणून’च्या जागी तिथे ‘अनि’. लिपी नवी शिकावी लागेल, पण ती बरीचशी लिहिल्यासारखीच वाचली जाते. तेलुगू बाजारात कानावर पडून येऊ द्या अन् अभ्यासाचा वेळ इंग्रजीला द्या. दोन्ही एकदम चालतात, पोरं गोंधळत नाहीत.

प्रश्न: ‘60 दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा क्लासची फी भरावी का?
– ता. वरुड

उत्तर: आधी भागाकार करा. रोज एक तास म्हटलं तर 60 दिवसांचे 60 तास. वर्गात 40 पोरं असली तर तासातला दीडच मिनिट एकेकाच्या तोंडाला येतो, तोही सर गप्प बसले तर. शाळेच्या 35 मिनिटांच्या तासाचंही हेच दुखणं: दहा वर्षं इंग्रजी ‘झाली’, पण पोराचं तोंड किती वेळ उघडलं? फी भरायचीच असेल तर विचारा: बॅचमध्ये किती जण, अन् एकेकाला रोज किती मिनिटं बोलायला मिळतं. दहा-बाराच्या वर बॅच असेल तर सोडा. तेवढ्या वेळात दोघा मित्रांनी मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं तीनदा ऐकावं, थांबवत थांबवत तसंच म्हणावं, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळच्या शेजारी लावून पाहावा. शब्द कोणते घ्यावेत म्हणाल, तर इंग्रजी शिकवण्यातले जाणकार मायकेल वेस्ट यांच्या, जास्त वापरातल्या शब्दांच्या 1953 च्या यादीत सुमारे 2000 मूळ शब्द आहेत आणि साध्या मजकुरातले साधारण 80 टक्के शब्द त्यातलेच निघतात. रोज पाच धरले तर 400 दिवस.